कळलावी : परसाबाहेर ठेवलेली वेल

सह्याद्रीच्या उतारांवर, करवंदीच्या जाळ्यांत आणि रानाच्या कडेला पावसाळ्यात फुलणाऱ्या कळलावीइतके देखणे फूल आपल्याकडे क्वचितच असेल. उमलताना हिरवट पिवळे, मग केशरी आणि शेवटी लालभडक होणारे हे फूल देठावर खाली मान घालून लटकते. त्याच्या कुरळ्या कडांच्या सहा पाकळ्या मात्र उलट दिशेने, वर वळलेल्या असतात. दूरवरून पाहिले तर जाळीत कुणी लहानसा जाळ पेटवला आहे असे वाटते. अग्निशिखा हे तिचे संस्कृत नाव त्यामुळेच पडले असावे.

एवढे असूनही जुन्या मराठी घरांच्या परसात कळलावी लावलेली आढळत नाही. परसात जास्वंद होती, प्राजक्त होता, अनंत, अबोली, कण्हेर, कर्दळ, गुलबक्षी होती. यांतल्या गुलबक्षी आणि कर्दळ मूळच्या अमेरिका खंडातल्या. सातासमुद्रापलीकडून आलेल्या या पाहुण्यांना आपण पाटाच्या पाण्याकाठी जागा दिली आणि कुंपणापलीकडे पिढ्यान्‌पिढ्या फुलणारी कळलावी मात्र कुंपणापलीकडेच ठेवली. असे का झाले, हा या लेखाचा प्रश्न आहे.

या प्रश्नाचे एक उत्तर तयार असते : ‘ती विषारी आहे म्हणून.’ पण हे उत्तर पुरत नाही. कण्हेरही विषारी आहे, तरी ती देवपूजेच्या निमित्ताने घरोघरी आहे. रुई मारुतीच्या नावाने दाराशी उभी असते. धोतरा शंकराला वाहतात. तेव्हा नुसते विष हे हद्दपारीचे कारण असू शकत नाही. दुसरे तयार उत्तर म्हणजे ‘घरात लावली की भांडणे होतात.’ हे मी स्वतः अनेकींच्या तोंडून ऐकले आहे. समजूत म्हणून ते नोंदवावे लागते, पण तेवढ्याने इतिहास उलगडत नाही. समजूत कुठून आली आणि ती काय राखत होती, हे पाहावे लागते. त्यासाठी आधी तिच्या नावांकडे जाऊ.

नांगर, अग्नी आणि कळ

कळलावीला संस्कृतात जितकी नावे आहेत तितकी फार थोड्या रानवेलींना असतील. अमरकोशाच्या वनौषधिवर्गात लांगलिकी आणि अग्निशिखा ही नावे जोडीने येतात. सोळाव्या शतकातल्या भावप्रकाशात कलिहारी, हलिनी, लांगली, शक्रपुष्पी, विशल्या, अग्निशिखा, गर्भनुत् अशी मालिकाच आहे. ही नावे नीट लावून पाहिली की त्यांचे तीन गट पडतात.

पहिला गट कंदाचा. लांगल म्हणजे नांगर, हल म्हणजेही नांगर. कळलावीचा कंद उकरून पाहिला तर हे नाव का पडले ते लगेच कळते. बोटाएवढ्या जाडीचे दोन दांडे एका टोकाला काटकोनात जोडलेले असतात आणि त्यांची आकृती जुन्या लाकडी नांगरासारखी दिसते. दुसरा गट फुलाचा : अग्निशिखा, शक्रपुष्पी. तिसरा गट गुणाचा : विशल्या म्हणजे शल्य बाहेर काढणारी, गर्भनुत् म्हणजे गर्भ ढकलून देणारी, कलिहारी किंवा कलिकारी म्हणजे कलहाशी नाते असलेली.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. फुलावरून नाव देणारा माणूस वेलीसमोर उभा राहून ती पाहत असतो. कंदावरून नाव देणाऱ्याने ती खणलेली असते. गुणावरून नाव देणाऱ्याने तिचा परिणाम कुणाच्या तरी शरीरावर पाहिलेला असतो. कळलावीच्या नावांत हे तिन्ही प्रकारचे लोक हजर आहेत.

मराठी ‘कळलावी’ हे नाव तिसऱ्या गटातले. आपल्या भाषेत ‘कळ’ या शब्दाला दोन जिव्हाळ्याचे अर्थ आहेत. पोटात येते ती कळ आणि दोन माणसांत लावली जाते तीही कळ. बाळंतपणाच्या कळा पहिल्या अर्थाच्या, कळलाव्या नारद दुसऱ्या अर्थाचा. वनस्पतींवर लिहिणारे बरेच जण सांगतात की मूळ अर्थ प्रसूतीच्या कळांचा, भांडणाचा अर्थ लोकांनी अज्ञानाने मागून चिकटवला. मला हे इतके सरळ वाटत नाही. संस्कृतातल्या कलिकारी या नावात भांडण आधीच आहे. म्हणजे वेणा आणि भांडण हे दोन्ही अर्थ बराच काळ शेजारी शेजारी नांदत आले आहेत. एक अर्थ सुइणीच्या कामाचा, दुसरा घरातल्या इतरांना सांगायचा. सुइणीला वेल कशाला लागते ते ठाऊक होते. बाकीच्यांना एवढेच पुरेसे होते की ती घरात आणायची नाही.

खड्यानाग आणि बचनाग अशीही नावे मराठीत तिला आहेत. खरा बचनाग हिमालयातला, वेगळ्याच कुळातला आणि जहाल विषारी. त्याचे नाव कळलावीच्या मुळाला मिळाले, यावरून लोकांनी तिला कोणत्या पंगतीत बसवले होते ते दिसते.

वैद्याची लांगली, सुइणीची कळलावी

आयुर्वेदाच्या रसशास्त्रात सात उपविषांची यादी दिली जाते : रुईचा चीक, निवडुंगाचा चीक, लांगली, कण्हेर, गुंज, अफू आणि धोतरा. म्हणजे वैद्यांनी लांगलीला औषधात स्थान दिले, पण विष म्हणूनच. गोमूत्रात भिजवून शोधन केल्याशिवाय ती वापरायची नाही, असा दंडक होता.

सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात बाळंतपणाचा भाग आहे. मूल जन्मल्यावर वार अडकून राहिली तर काय करावे, याचे अनेक उपाय तिथे सांगितले आहेत. त्यांतला एक लांगलीच्या मुळाचा. मूळ वाटून त्याचा लेप बाळंतिणीच्या तळहातांना आणि तळपायांना लावायचा. हा उपाय प्रत्यक्षात किती लागू पडत असेल, हा प्रश्न वेगळा. इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की लेप बाहेरून लावायचा आहे. वार पडावी म्हणून धडपडणाऱ्या माणसांनीही ही मुळी बाळंतिणीच्या पोटात देण्याऐवजी पायांच्या तळव्यांवर ठेवली. विषाचा धाक किती जुना आहे, ते या एका तपशिलातून दिसते.

पण जी वस्तू वार पाडते असे लोक मानतात, ती गर्भही पाडते असे मानायला वेळ लागत नाही. गर्भनुत्, गर्भपातिनी ही नावे तेच सांगतात. या नावांमागे कोण उभे आहे, याचा विचार केल्याशिवाय कळलावीचा मराठी इतिहास पुरा होत नाही. एकोणिसाव्या शतकातली उच्चवर्णीय बालविधवा डोळ्यांसमोर आणा. तिच्यावर अत्याचार झाला किंवा तिचे पाऊल घसरले, तरी दिवस गेल्यावर तिच्यासमोर वाटा दोनच : विहीर किंवा कुणीतरी गुपचूप आणून दिलेली मुळी. त्या काळातल्या न्यायवैद्यकाच्या इंग्रजी ग्रंथांत कण्हेर, लाल चित्रक अशा मुळ्यांची नावे गर्भपाताच्या संदर्भात येतात, आणि अशा प्रकरणांत बाईचाही जीव गेल्याचे उल्लेख असतात. १८५६ साली विधवाविवाहाला कायद्याने मान्यता मिळाली. १८६३ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. विधवेने तिथे यावे, सुरक्षित बाळंत व्हावे, मूल ठेवून जावे असा त्याचा हेतू होता. त्या गृहाकडे आपण सामाजिक सुधारणेचा टप्पा म्हणून पाहतो. मुळ्यांच्या इतिहासाकडून पाहिले तर ते विहीर आणि मुळी यांना दिलेला तिसरा पर्याय होता.

अशा समाजात ज्या घराच्या परसात कळलावी आहे, त्या घराविषयी लोक काय बोलतील? ‘यांना ही कशाला लागते?’ हा प्रश्न गावात फिरायला कितीसा वेळ लागणार? माझा तर्क असा की परसातून ती वगळली जाण्यामागे ही बदनामीची भीतीही असणार. घरात भांडण होते ही समजूत या अर्थाने अगदीच खोटी नव्हती. अशी मुळी घरात सापडली तर भांडण व्हायचेच.

फूल आत, कंद बाहेर

आता या हद्दपारीतला एक अपवाद पाहू. कळलावी फुलते श्रावण-भाद्रपदात आणि भाद्रपदात गौरी येतात. कोकणात काही ठिकाणी या फुलाला ‘गौरीचे हात’ म्हणतात आणि तेरड्याबरोबर ते गौरीसाठी घरात आणतात. वर वळलेल्या लाल पाकळ्या म्हणजे मेंदीने रंगलेली बोटेच. तमिळ परंपरेतही हेच साम्य दिसते. संगम साहित्यात या फुलाला कांदळ म्हणतात आणि स्त्रीच्या बोटांना त्याची उपमा देतात. कपिलर या कवीच्या कुरिंजिप्पाट्टू काव्यात नव्व्याण्णव फुलांची यादी आहे. तिची सुरुवात कांदळने होते. मुरुगन हा डोंगरांचा देव कांदळची माळ घालतो. आज ते तमिळनाडूचे राज्यफूल आहे.

म्हणजे फुलाला घराची बंदी कधीच नव्हती. माझ्या गावाकडच्या शेजारच्या काकींना मी एकदा विचारले की गौरीला फूल चालते, तर वेल दारात का चालत नाही? त्या म्हणाल्या, “फूल आण गो, हवी तेवढी आण. मूळ तेवढे कुंपणाच्या आत नको.” भांडणाचे नावही त्यांनी काढले नाही.

काकींच्या या एका वाक्याने माझ्या प्रश्नाची दिशा बदलली. कण्हेर आणि कळलावी यांतला फरक विषाच्या प्रमाणात शोधण्यापेक्षा ते विष कुठे आहे यात शोधायला हवा. कण्हेरीचे मूळ कुणी खायला म्हणून खणत नाही. पण कळलावीला कंद आहे, आणि परसातला कंद म्हणजे अन्न. कोकणातल्या परसात सुरण, अळू, रताळी, करांदे, कणगी असतात. पावसाळा संपला, वेल वाळली की कंद खणायचा आणि उकडून खायचा, हा शेकडो वर्षांचा परिपाठ. कळलावीही पावसाळ्यानंतर वाळते. वेल गेल्यावर जमिनीत राहतो तो नुसता कंद, ओळख पटवायला ना पान ना फूल. संध्याकाळी घाईत खणणाऱ्या सुनेच्या किंवा पोराच्या हाती करांद्याच्या शेजारी तो लागला तर काय होईल, हे सांगायला वैद्य नको.

ही केवळ कल्पना नाही. श्रीलंकेत, जिथे घराच्या आसपास कंदपिके असतात, कळलावीचा कंद खाण्याचा समजून शिजवून खाल्ल्याने विषबाधा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. १९६६ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये तिथल्याच एका रुग्णाची नोंद आली. कंद खाल्ल्यानंतर वाचलेल्या त्या तरुण स्त्रीच्या अंगावरचे सगळे केस काही दिवसांत गळून गेले होते.

परसाच्या कुंपणाची रेषा अशी कंदावरून आखलेली होती, असे मला वाटते. फुलाला आत येऊ द्यायचे, कंदाला नाही. हा नियम सुनांना आणि मुलांना सांगायचा तर त्याला धाक हवा. ‘विष आहे’ असे म्हटले की ते कुणाच्या तरी कामाला येण्याची भीती. ‘भांडण होते’ म्हटले की कुणी हातही लावत नाही.

कोचीहून लायडनला

आपण जी वेल कुंपणाबाहेर ठेवली, तिला युरोपने काचेच्या घरात नेऊन ठेवले. हा प्रवास सतराव्या शतकातला. डच ईस्ट इंडिया कंपनीचा मलबारमधला अधिकारी हेन्ड्रिक व्हान ऱ्हीड याने कोचीला बसून तिथल्या वनस्पतींचा प्रचंड ग्रंथ तयार करवला. ‘हॉर्टस मलाबारिकस’चे बारा खंड १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅमला छापले गेले. त्याची माहिती मुख्यतः इट्टी अच्युदन या मलबारी वैद्याने आणि रंग भट, विनायक पंडित, अप्पू भट या तीन कोंकणी ब्राह्मणांनी पुरवली. या तिघांचे प्रमाणपत्र पहिल्या खंडात कोंकणी भाषेत, देवनागरी अक्षरांत छापलेले आहे. त्यावरचे साल १६७५. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकानंतर एका वर्षाने कोचीत लिहिलेली ही अक्षरे हॉलंडमध्ये छापली गेली. गोव्याहून खाली सरकलेल्या समाजाचे हे लोक. त्यांच्या ज्ञानातून रानातल्या कितीतरी झाडांना युरोपच्या विद्येत प्रवेश मिळाला.

या ग्रंथाच्या सातव्या खंडात आपली कळलावी आहे, मेंतोन्नी या मलयाळी नावाने. याच नावावरून लॅटिनमध्ये ‘मेथोनिका’ झाले. लायडनच्या विद्यापीठ बागेचा प्रमुख पॉल हर्मन याने १६८७ च्या आपल्या यादीत ती नोंदवली. सतराव्या शतकाच्या अखेरीस हॉलंड आणि इंग्लंडच्या उबदार काचघरांत ती फुलू लागली. रानातली इतर रोपे जहाजावर खाऱ्या वाऱ्याने मरत, पण कळलावीचा कंद निम्मे वर्ष कोरडा निजलेला असतो. कोरड्या वाळूत घालून अनेक महिन्यांच्या प्रवासाला पाठवता येईल अशा मोजक्या वनस्पतींपैकी ती होती. तिचा धोका ज्या कंदात होता, त्याच कंदाने तिला जगभर नेले.

१७५३ साली लिनिअसने ‘मेथोनिका’ बाजूला सारून ‘ग्लोरिओसा सुपर्बा’ हे नाव कायम केले. पहिल्या शब्दात वैभव, दुसऱ्यात ऐट. नावात फूल पुरते उतरले आहे, कंद मात्र कुठे दिसत नाही. नांगर, अग्नी, शल्य, गर्भ, कलह असे पाच इशारे देणारी आपली नावे आणि फक्त फुलाचा तोरा सांगणारे हे नाव, यांतला फरक मोठा आहे. एका बाजूला वेलीसोबत राहणाऱ्यांचे शब्द होते, दुसऱ्या बाजूला तिला कुंडीत पाहणाऱ्यांचे. पुढे ती आफ्रिकेतही रानोमाळ आहे हे जगाला कळले. आज झिम्बाब्वेचे ती राष्ट्रीय फूल आहे.

विद्वानांची शंका, लोकांचा धाक

एकोणिसाव्या शतकात इंग्रजी शिकलेल्या डॉक्टरांनी देशी औषधांची छाननी सुरू केली. मद्रासचे मूदीन शरीफ हे त्यांतले मोठे नाव. त्यांनी कळलावीची मुळी लहान मात्रेत स्वतः घेऊन पाहिली आणि लोक समजतात तितकी ती विषारी नाही, असे मत दिले. कलकत्त्यात वॉर्डन या रसायनज्ञाने १८८० च्या सुमारास मुळीतून एक कडू द्रव्य वेगळे केले आणि त्याला ‘सुपर्बीन’ म्हटले. मुंबईचे विल्यम डायमॉक, हेच वॉर्डन आणि डेव्हिड हूपर यांनी मिळून लिहिलेल्या ‘फार्माकोग्राफिया इंडिका’ या ग्रंथात ही चर्चा वाचायला मिळते.

मूदीन शरीफ यांचा प्रामाणिकपणा वादातीत आहे. विषाची परीक्षा स्वतःच्या जिभेवर घेणे सोपे नव्हे. पण त्यांचा निष्कर्ष लहान मात्रेपुरता खरा होता. कळलावीतले विष सगळ्या कंदांत सारखे नसते. जागा, ऋतू, कंदाचे वय यांनुसार ते बदलते. एकाने थोडे घेतले आणि तो वाचला, यावरून शेजारच्या कंदाविषयी काही सांगता येत नाही. खेड्यातल्या धाकाला हा हिशेब शब्दांत मांडता आला नसता, पण त्याचे वागणे त्या हिशेबाला धरूनच होते.

उलगडा झाला १९१५ साली. क्लुअर, ग्रीन आणि ट्यूटिन या तीन रसायनज्ञांनी कळलावीच्या कंदात कोल्चिसीन असल्याचे दाखवले. हे द्रव्य युरोपला ओळखीचे होते. तिथल्या कुरणांत शरद ऋतूत फुलणाऱ्या कोल्चिकम नावाच्या छोट्या फुलझाडातून पेल्तिए आणि काव्हेन्तू यांनी ते १८२० साली वेगळे केले होते. गाउट या सांधेदुखीवर त्याचा वापर आजही होतो.

पेशी दुभंगताना गुणसूत्रे दोन्हीकडे ओढून नेणारे अतिसूक्ष्म धागे लागतात. कोल्चिसीन ते धागे जुळूच देत नाही. त्यामुळे शरीरात जिथे पेशी वेगाने वाढतात तिथे पहिला घाव बसतो : आतड्याचे अस्तर, हाडांतला मगज, केसांची मुळे. आधी काही तास काहीच होत नाही. मग उलट्या आणि जुलाब, त्यानंतर एकेक अवयव निकामी होणे. वाचलेल्याचे केस जातात. १९६६ च्या त्या नोंदीतल्या स्त्रीचे हेच झाले होते. यावर सहज मिळणारा उतारा नाही.

१९३७ साली ब्लेक्सली यांनी हेच द्रव्य वनस्पतींवर वापरून गुणसूत्रांची संख्या दुप्पट करता येते हे दाखवले. बिनबियांच्या कलिंगडाचे बियाणे याच युक्तीने तयार होते. १९६०च्या दशकात कोल्चिसीन पेशीत कशाला चिकटते याचा शोध घेता घेता ट्यूब्युलिन हे प्रथिन सापडले. लिलीच्या कुळात, म्हणजे लिलिएसीत ठेवलेली कळलावी आता कोल्चिकमसोबत कोल्चिकेसी या वेगळ्या कुळात गेली आहे. रसायनाने आधी सांगितलेले नाते जनुकांनी नंतर पक्के केले.

आज तमिळनाडूत धारापुरम, मूलनूर, वेदारण्यम या भागांत तिची शेती होते. बियांतून औषधी द्रव्ये काढण्यासाठी त्या परदेशी जातात. फुलाचा स्त्रीकेसर काटकोनात बाजूला वळलेला असल्याने पराग त्यावर आपसूक पडत नाही. म्हणून तिथल्या बाया सकाळी फुलाफुलाला हाताने परागण करतात. संगम काव्यात ज्या बोटांना या फुलाची उपमा दिली, तीच बोटे आज मजुरीने त्याला बी धरायला लावतात.

कुंपणाच्या आत आणताना

गेल्या काही वर्षांत देशी फुलझाडांची आवड वाढली आहे आणि कळलावी शहरी गच्चीवरही दिसू लागली आहे. मला याचा आनंद आहे. मीही ती लावते. पण एका रोपवाटिकेतून मागवलेल्या कंदांसोबत जे छापील पत्रक आले, त्यात पाणी, ऊन, खत सगळे होते आणि विषाविषयी एक अक्षर नव्हते. भांडणाची समजूत आता कुणी मानत नाही, हे ठीकच झाले. पण तिच्या पोटात जपलेली माहितीही सोबत गेली, तर नुकसान होईल. म्हणून लावण्याची रीत सांगताना दोन्ही गोष्टी एकत्र सांगते.

कंद रानातून उकरून आणू नये. औषधासाठी रानातले कंद आधीच उकरले जातात, त्यात आपली भर नको. बियांपासून वाढवलेले किंवा बागेतल्या जुन्या वेलीचे कंद घ्यावेत. बी पेरले तर फुलायला तीन-चार पावसाळे लागतात. कंदाचा कोंब टोकाला असतो आणि एका दांड्याला एकच. तो मोडला तर तो दांडा फुटत नाही, म्हणून हाताळणी जपून करावी, तीही हातमोजे घालून. मेच्या अखेरीस किंवा पहिल्या पावसाच्या सुमारास दोन-अडीच इंच खोल, आडवा ठेवावा. पाणी साचणाऱ्या जागी तो कुजतो. माती भुसभुशीत असावी, पालापाचोळ्याचे खत भरपूर असावे.

या वेलीला वेगळे तणाव नसतात. पानाचे टोकच दोऱ्यासारखे लांबते आणि आधाराला वेढा घालते. जाड खांब त्याला पकडता येत नाही. करवंदीच्या वा निर्गुडीच्या वाळक्या काटक्या रोवल्या की ती आनंदाने चढते. रानात ती झुडपांच्या सावलीतून वर उन्हात डोके काढते. बागेतही बुंध्याला सावली आणि शेंड्याला ऊन मिळेल अशी जागा द्यावी. बी हवे असेल तर एका वेलीच्या फुलाचे पराग दुसरीच्या फुलाला कुंचल्याने लावावेत.

दिवाळीच्या सुमारास पाने पिवळी पडू लागतात. तेव्हा पाणी तोडावे. वेल मेली असे समजून कुंडी उपडी करू नये, कंद खाली निजलेला असतो. आणि इथेच जुना नियम आठवावा. कळलावी वेगळ्या, पाटी लावलेल्या कुंडीत किंवा दगडांनी आखलेल्या जागेतच असू द्यावी. सुरण, रताळी, हळद, आले यांच्या वाफ्यात किंवा शेजारी ती कधीही लावू नये. काढलेले कंद स्वयंपाकघरात, कांद्याबटाट्याच्या टोपलीजवळ ठेवू नयेत. लहान मुले, गुरे, कुत्री यांच्या तोंडाशी येईल अशी जागा टाळावी. घरातल्या प्रत्येकाला, कामाला येणाऱ्या मावशींनासुद्धा, हा कंद कोणता आणि तो काय करतो ते सांगून ठेवावे. कुणी तो खाल्ला आहे अशी नुसती शंका आली तरी उलट्यांची वाट न पाहता रुग्णालय गाठावे आणि डॉक्टरांना वेलीचे नाव सांगावे.

कुंपण आखणाऱ्या बायकांची नावे कुठे नोंदलेली नाहीत. त्यांच्या हातात प्रयोगशाळा नव्हती, म्हणून त्यांनी एक नाव आणि एक धाक वापरला. आपल्याकडे रेणूचे चित्र आहे, तेव्हा धाकाची गरज उरलेली नाही, पण सांगण्याची आहे. माझ्या कुंडीवर मी रंगाने दोनच ओळी लिहिल्या आहेत : वरती ‘कळलावी’ आणि खाली ‘कंद विषारी, खाऊ नये’. गौरीच्या दिवसांत शेजारच्या मुली फुले न्यायला येतात, तेव्हा त्या दोन्ही ओळी मोठ्याने वाचल्याशिवाय मी फूल तोडू देत नाही.